कारणाचा रकाना

११ जानेवारी

ताई,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच. घरात कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. नऊ वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू भलतंच काही समजशील, म्हणून हे सगळ्यात आधी. पत्ता आत्याने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तीन महिने तिचा पिच्छा पुरवला होता.

आता फाडलंस तरी चालेल.

मी कम्युनिटी कॉलेजात जाते. आपल्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, असं बाबा भेटेल त्याला सांगतात. ते सांगायला लागले की मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. का, ते तुला माहीत आहे.

कॉलेज म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा दुसरा मजला. भिंतींत तारांची भोकं अजून तशीच आहेत, आम्ही त्यांत पेनं खोचून ठेवतो. रुग्णसाहाय्यकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नाडी बघणं, रोग्याला न उठवता चादर बदलणं, त्याची कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं. सरावासाठी खाटेवर एक रबरी पुतळा आहे. त्याला सगळे 'पाहुणे' म्हणतात. पाहुणे अकरा वर्षं आले आहेत आणि जायचं नाव काढत नाहीत.

आम्ही अठ्ठेचाळीस जण. सगळे पोटापाण्याचं बघून येणारे. मी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढते आणि दुपारी एक ते चार वर्गात बसते. आता ही दुपारची तुकडी बंद करायची, आणि ज्यांना शिकायचंय त्यांनी नदीपलीकडच्या मुख्य इमारतीत सकाळी आठ ते अकरा यायचं, असं शिक्षण समितीने ठरवत आणलं आहे. सकाळी आठला आमच्यातला एकही माणूस मोकळा नसतो. म्हणजे तुकडी हलवणं नाही हे, मोडणं आहे.

२५ फेब्रुवारीला जाहीर सुनावणी आहे. प्रत्येक बाजूला तीन मिनिटं बोलायला मिळतील. आमच्या बाजूने मी बोलणार आहे.

हसू नकोस. मी, जिला दुकानात सुटे मागायचे तरी तू पाठीमागे उभी लागायचीस. वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा होता तेव्हा ड्रायव्हरदादा (रुग्णवाहिका चालवतात, आवाज भोंग्यासारखाच) म्हणाले, "हिचं अक्षर चांगलं आहे आणि ही कुणाशी भांडत नाही. द्या हिलाच." सगळे हसले आणि हात वर झाले.

प्राचार्यबाई दर शनिवारी लोकांसमोर बोलायची तासिका घेतात. त्या म्हणतात, "तीन मिनिटांत तीन गोष्टी मावतात. तुम्ही कोण, तुम्हाला काय हवं, आणि त्यांनी ते का द्यावं. रडणं ही चौथी गोष्ट, ती मावत नाही." मी पाहुण्यांना अध्यक्ष समजून रोज सराव करते. ते एकदाही मध्ये बोलत नाहीत, त्यामुळे खरा अंदाज येत नाही.

आमची बाजू मात्र भक्कम आहे. समितीचा नियम असा, की सरासरी हजेरी पस्तीसच्या वर असेल तर तुकडी मोडता येत नाही. आमच्या हजेरीपत्रकावर सरासरी एक्केचाळीस आहे. मी स्वतः बेरीज केली, तीनदा.

उत्तराची अपेक्षा नाही, असं शेवटी लिहिणार होते. ते खोटं झालं असतं.

तुझी
धाकटी


१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं नाही. तरी लिहिते, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही.

आमच्या वर्गात एक काकू आहेत, बावन्न वर्षांच्या. रुग्णालयाच्या धुलाईत कामाला आहेत. सगळे त्यांना इस्त्रीकाकू म्हणतात. वर्गात सगळ्यांचं जोडीने काम असतं, एकाने रोगी व्हायचं आणि दुसऱ्याने साहाय्यक. काकू माझ्या जोडीदार. त्या रोगी झाल्या की हमखास झोपतात.

समितीला द्यायच्या निवेदनावर त्यांची सही राहिली होती म्हणून मंगळवारी मी धुलाईत गेले. तिथे बोललेलं ऐकू येत नाही. एवढाले रूळ फिरत असतात आणि त्यांतून चादरी वाफ सोडत बाहेर येतात. काकूंनी ओल्या हाताने सही नको म्हणून हात पुसायला घेतले, आणि मला त्यांच्या टेबलाशी बसवलं. टेबलावर एक खिळा उलटा ठोकलेला, आणि त्यात चिठ्ठ्या ओवलेल्या. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर येणाऱ्या. वरचीच चिठ्ठी दिसली. 'कॉलेज – एप्रन – २६'.

एप्रन घातल्याशिवाय आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टरबाई कुणाला वर्गात पाऊल टाकू देत नाहीत, आणि रोजचे वापरलेले एप्रन संध्याकाळी धुलाईत येतात.

मी विचारलं, "काकू, बाकीचे एप्रन दुसरीकडे जातात का?"

"कुठले बाकीचे?"

"आदल्या दिवशी पत्रकावर बेचाळीस सह्या होत्या."

काकू एवढ्या हसल्या की शेजारची बाई रूळ थांबवून बघायला लागली. "अगं पोरी, सह्यांना एप्रन लागत नाही!"

मग मला एकेक कळत गेलं. जोडीतला एक येऊ शकला नाही की दुसरा त्याची सही करतो. सगळेच. ज्याला त्याला वाटतं, आपणच तेवढे करतो, आणि ती काही चोरी नाही, माणुसकी आहे. अडल्या जोडीदारासाठी एवढंही करायचं नाही का? अशी लोकांची समजूत.

"तुम्ही या चिठ्ठ्या ठेवता कशाला?" मी विचारलं.

"धुलाईत कापड हरवलं की पहिला संशय बाईवर. चिठ्ठी असली की तोंड बंद करता येतं."

काकू नवा गठ्ठा उतरवायला गेल्या. येईपर्यंत बराच वेळ लागला. तेवढ्यात मी सप्टेंबरपासूनच्या चिठ्ठ्या चाळून कॉलेजच्या तेवढ्या काढल्या. ब्याऐंशी निघाल्या. सगळ्यांचे आकडे तारखेसकट वहीत उतरवले आणि त्या होत्या तशा ओवून ठेवल्या. घरी येऊन सरासरी काढली. सत्तावीस.

एक्केचाळीस नाही, सत्तावीस. पस्तीसच्याही खाली.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आज ठरलं. मी समितीसमोर खोटा आकडा सांगणार नाही. खरा सांगणार, चिठ्ठ्यांचा. पुढे जे व्हायचं ते होवो. ठरल्यापासून मला हलकं वाटतंय.

तुझी
धाकटी


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, खुशाली तर नाहीच. मध्ये एक ओळ: 'त्या बाईला विचारलंस का?'

नाही विचारलं.

कार्ड हातात घेऊन मी किती वेळ जिन्यात बसले ते सांगत नाही. तू धुलाईतल्या काकूंबद्दल विचारलंस, आणि फक्त त्यांच्याबद्दल विचारलं नाहीस, एवढं मला कळतं.

म्हणून आधी दोन गोष्टी कबूल करते. पहिली लहान आहे. मागच्या पत्रात मी 'लोक' सह्या करतात असं लिहिलं. लोकांत मी आहे. काकूंना दुप्पट पाळी करावी लागली ते सहा दिवस त्यांची सही मी केली. आणि बेरीज तीनदा केली तेव्हा तिन्ही वेळा त्या सहा सह्यांवरून माझं बोट गेलं होतं.

दुसरी गोष्ट. तुला नेहमी वाटत आलं, की बाबांनी मला कोंडीत पकडून, दरडावून विचारलं आणि मी घाबरून सांगून टाकलं. मी तुला तसं वाटू दिलं. बाबांनी दरडावलं नव्हतं. त्यांना कसला संशयसुद्धा नव्हता. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाबद्दल ते विचारतात तेवढंच त्यांनी विचारलं होतं, "ताई छत्री घेऊन गेली का?" आणि मी, बारा वर्षांची, म्हणाले, "ताई गोदामात जादा कामाला जात नाही. ती दहावीच्या वर्गाला जाते." त्या आठवड्यात शाळेत एका मुलीला खरं बोलल्याबद्दल पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या होत्या. मला वाटलं, मलाही कुणीतरी शाबास म्हणेल.

तुझी परीक्षा दीड महिन्यावर आली होती. बाबांनी तुझा वर्ग बंद केला आणि तुझी पुस्तकं माळ्यावर टाकली. पुढे तीच मी वापरली. समासात तुझ्या खुणा होत्या, त्यांचा मला फार उपयोग झाला. तू घर सोडलंस तेव्हा दारात मला म्हणालीस, "येते, साक्षीदारबाई." तो शब्द मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

आता काकूंचं.

बुधवारी मी धुलाईत गेले आणि वहीतलं पान फाडून त्यांच्यापुढे ठेवलं. न विचारता आकडे उतरवले, हे सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं. काकूंचं हसू बंद झालं.

"या चिठ्ठ्या मी माझ्या बचावाला ठेवल्या," त्या म्हणाल्या. "आणि तू त्या माझ्याच अंगावर घालणार? ज्या दिवशी मी इथे बारा ते आठ राबले, त्या दिवशी कॉलेजात माझी सही आहे. लोक काय म्हणतील ते कळतं का तुला?"

"कळतं. म्हणून पान तुम्हाला दिलं. माझ्याकडे दुसरी नक्कल नाही."

"आणि मी बंबात टाकलं तर?"

"तर मी आकडा सांगणार नाही. एक्केचाळीसही सांगणार नाही. बोलायला दुसरं कुणीतरी जाईल."

काकूंनी पान घडी करून पोलक्यात खोचलं आणि मला जायला सांगितलं. दोन दिवस वर्गात माझ्याशी बोलल्या नाहीत. रोगी झाल्या तेव्हा झोपल्यासुद्धा नाहीत, छताकडे बघत पडून राहिल्या. मी नाडी बघत होते आणि माझीच जोरात चालली होती.

शुक्रवारी पान परत आलं, सोबत कॉलेजच्या चिठ्ठ्यांची जुडी. सहा तारखांपुढे पेन्सिलीने फुल्या होत्या. "या दिवशी मी इथे होते. लिही," काकू म्हणाल्या. "पण नुसतं 'आली नाही' लिहिलंस तर याद राख. का आली नाही तेही लिही. हजेरीवाल्यांना वाटतं आपण घरी लोळत असतो."

बावन्न वर्षांच्या बाईने एका वाक्यात माझं भाषण लिहून दिलं, ताई. तेव्हा मात्र मला ते कळलं नाही.

काल शनिवारी मी वर्गापुढे उभी राहिले. सगळ्यांनी या, अगदी अडलंच असेल तर जोडीदाराजवळ आपलं मत सांगून पाठवा, असं आधीच कळवलं होतं. चिठ्ठ्यांचं सांगितलं. माझ्या सहा सह्यांचं सांगितलं. मग म्हणाले, की खरा आकडा तुमचा आहे, तुम्ही हो म्हणालात तरच मी तो बोलेन.

ड्रायव्हरदादा उठले. "वा गं वा, मॉनिटरबाई! आम्ही तुला वाचवायला पाठवतोय आणि तू आम्हालाच बुडवायला निघालीस. एक्केचाळीस आयते कागदावर आहेत. सगळं सुरळीत आहे. हिला खाज सुटलीय खरं बोलायची! याला घरभेदीपणा म्हणतात."

तो शब्द ऐकून मी हातातली वही मिटली. मी खाली बसणार होते, खरंच. पण मागून एक बाई म्हणाली, "सुरळीत कसलं? माझी पाळी दोनला सुटते. मी इथे पोचेपर्यंत पावणेतीन. सिस्टरबाई दार उघडत नाहीत. म्हणून मी येतच नाही. माझी सही मात्र रोज येते!"

"माझीपण दोनलाच," आणखी कुणीतरी म्हणालं.

मी फळ्यावर रकाना आखला. वर लिहिलं, 'कारण'. नेहमी दांडी पडते असे एकवीस जण निघाले. एकेकाने सांगितलं, नाही आले त्यांच्या जोडीदारांनी सांगितलं. एकवीसपैकी सोळांचं कारण एकच होतं. दोनची पाळी.

फळा भरला तसे मागचे उठून पुढे येऊन वाचायला लागले. तुकडीची वेळच चुकीची आहे, हे इतक्या महिन्यांत कुणाला दिसलं नाही, कारण पत्रकावर सगळे हजर होते. आम्ही एकमेकांना सांभाळून घेत होतो आणि नेमकी तीच अडचण झाकत होतो.

मग हात मोजले. बत्तीस हो, अकरा नाही, पाच तळ्यात-मळ्यात. ड्रायव्हरदादांचा हात 'नाही'त.

शेवटी प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, परत घातला. म्हणाल्या, "हे मला माहीत होतं का, असं तू विचारणार नाहीस, त्याबद्दल आभार. आता बस. तीन मिनिटांत हे कसं बसवायचं ते बघू."

तू विचारलंस म्हणून हे असं झालं. नाहीतर मी सरळ जाऊन सांगून आले असते, पुन्हा.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

काल झालं. घाईत लिहिते आहे, दवाखान्यात केसपेपरांची रांग लागली आहे आणि डॉक्टर अजून यायचे आहेत.

सभागृहात खुर्च्या भिंतीला साखळीने बांधलेल्या आहेत, का ते कळलं नाही. अध्यक्षांना दोन चष्मे. एक नाकावर, एक कपाळावर, आणि वाचायचं असलं की ते दोन्ही काढतात. आमचा नंबर सातवा. आमच्या आधी एक गृहस्थ शाळेच्या रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोलले, त्यांची तीन मिनिटं प्रस्तावनेतच संपली. माझे तळहात इतके घामेजले होते की कागदावरची शाई पसरली. बरंच झालं, कागद न बघता बोलावं लागलं.

मी कोण ते सांगितलं. मग म्हणाले, "आमच्या हजेरीपत्रकावर रोज सरासरी एक्केचाळीस सह्या आहेत. वर्गात माणसं असतात सत्तावीस. हे आम्ही धुलाईला गेलेले एप्रन मोजून काढलं आहे. चिठ्ठ्या सोबत आणल्या आहेत."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, म्हणजे नियमाप्रमाणे तुमची तुकडी बंद व्हायला हवी, हे तुम्हीच आम्हाला सांगताय?"

"हो. आणि ती अर्धी रिकामी का असते, तेही मीच सांगते."

दोनच्या पाळीचं सांगितलं. सोळा जणांची कामाची ठिकाणं वाचली, कुठून निघतात आणि इथे कधी पोचतात ते सांगितलं. मग मागितलं. "आम्हाला आहे तशी तुकडी नको. तीन ते सहा अशी वेळ द्या आणि तीन महिने मोजा. हजेरीपत्रक नका मोजू, माणसं मोजा. पस्तीस भरली नाहीत तर आम्ही पुन्हा तुमच्यासमोर येणार नाही."

"एक ते चार ही वेळ कुणी ठरवली होती?" अध्यक्षांनी कारकुनाला विचारलं. कारकुनाने फाइल चाळली, मग दुसरी चाळली. कुणालाच माहीत नव्हतं.

मला वाटलं, झालं. पण अध्यक्षांच्या डावीकडे एक बाई होत्या, इतका वेळ काही न बोललेल्या. त्यांनी विचारलं, "या खोट्या सह्या कुणी केल्या?"

सभागृहात आमचे तेहेतीस जण होते. माझी मान त्यांच्याकडे वळली नाही, ताई. हे तुला सांगायचं होतं. एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे म्हण ना. मी म्हणाले, "सहा मी केल्या. माझं नाव लिहून घ्या. बाकीचं मी सांगणार नाही."

"सांगणार नाही की माहीत नाही?"

"माहीत आहे. सांगणार नाही."

घंटा वाजली. माझी तीन मिनिटं संपली होती, आणि मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभी होते, कारण बसायचं विसरले होते. तेवढ्यात मागून तो भोंगा वाजला. "साहेब, तिच्या सहा. माझ्या एकोणीस! तेवढं लिहून घ्या, उगाच तिचं नाव पहिलं नको लागायला."

आधी आमच्यातले हसले, मग सगळं सभागृह. अध्यक्षांचा कपाळावरचा चष्मा घसरून नाकावरच्या चष्म्यावर आला. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले.

बाहेर आल्यावर मी ड्रायव्हरदादांना म्हणाले, "तुमचा हात तर 'नाही'त होता."

"अजून तिथेच आहे," ते म्हणाले. "तू चूकच केलीस. पण एकटीने करायची नाही."

निकाल आठ दिवसांनी. डॉक्टर आले, थांबते.

धाकटी


१० मे

ताई,

निकाल मार्चमध्येच लागला होता. तुला लगेच कळवलं नाही, कारण अर्धवट सांगायचं नव्हतं. आता पुरतं नाही, पण बरंचसं सांगता येईल.

तुकडीला तीन महिने मिळाले. तीन ते सहा. मे अखेरपर्यंत सरासरी पस्तीस भरली पाहिजे, आणि सिस्टरबाई दारात उभ्या राहून डोकी मोजतात. शुक्रवारपर्यंत पस्तीस पूर्णांक चार आहे. रोज मोजणी संपली की सगळा वर्ग माझ्याकडे बघतो, जणू मी ताप बघून आले आहे.

शिक्षाही झाली. प्राचार्यबाईंना ठपक्याचं पत्र आलं. ते त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे, सगळ्यांना दिसेल असं. माझ्या हजेरीतले सहा दिवस कापले. ड्रायव्हरदादांचे एकोणीस कापले, त्यामुळे त्यांना या खेपेला परीक्षेला बसता येणार नाही. काकूंनी आपले सहा दिवस स्वतःच जाऊन सांगितले. आधीच्या दांड्या धरून त्यांचंही तसंच, त्या आता डिसेंबरमध्ये बसतील. मी रडायला लागले तेव्हा काकू म्हणाल्या, "आटप. पाहुण्यांना तेवढीच सोबत." दोघंही रोज येतात, परीक्षा नसताना. डोकी मोजायला लागतात म्हणून.

ड्रायव्हरदादा अजून मला मॉनिटरबाई म्हणतात आणि अजून म्हणतात की मी चूक केली. एकोणीस दिवसांत त्यांची बरोबरी करणारं कुणी नाही, हे त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात पाटी लटकवून जाहीर केलं आहे.

हजेरीपत्रक नवं केलं. ते मीच आखते. नाव, सही, आणि शेवटी एक रकाना, 'कारण'. जो येत नाही त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने तो भरायचा. आधी लोक 'काम' एवढंच लिहायचे. आता लिहितात, 'मुलाला गोवर', 'मालकीणबाईंकडे पाहुणे, सोडलं नाही', 'कंटाळा आला'. कंटाळ्याचा दिवसही प्रामाणिकपणे लिहिणारा एक जण आहे. त्याला कुणी रागावत नाही. त्या रकान्यावरून प्राचार्यबाईंनी समितीला आणखी दोन गोष्टी लिहून पाठवल्या आहेत. तीन मिनिटांत न मावलेल्या.

आता तुझ्याबद्दल. आत्या म्हणाली, तुझी सुट्टी बुधवारी असते.

सहा दिवस कापले गेल्यावर परीक्षेला बसायला मला एकच दिवस चुकवता येतो. तो मी या बुधवारी चुकवते आहे. माझ्या एका दिवसाने वर्गाची सरासरी किती खाली येते तेही काढून बघितलं. फारशी नाही. तरी काढलं.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "करू का गं सही? शेवटची?" मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. "गंमत केली बाई! माणसाने गंमतसुद्धा करायची नाही का तुझ्या राज्यात?"

बाबांनाही सांगितलं. छत्रीचं, तुझ्या वर्गाचं, बारा वर्षांच्या मुलीला शाबासकी हवी होती त्याचं, सगळं. त्यांनी ऐकलं. मी उठून जायला लागले तेव्हा म्हणाले, "बुधवारी छत्री ने." बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी हो म्हटलं. मी दारापर्यंत गेल्यावर पुन्हा म्हणाले, "दोन ने."

तू दार उघडलं नाहीस तरी हरकत नाही. एक छत्री उंबऱ्याशी ठेवून मी परत येईन. मी आत येऊ का, हे मात्र आधी विचारीन. या खेपेला विचारूनच.

हजेरीपत्रकावर बुधवारच्या तारखेखाली माझ्या नावासमोरची जागा रिकामी सोडली आहे. कारणाचा रकाना दुसऱ्या दिवशी भरायचा, असा नियम मीच केला. तो मी मोडला. आजच भरून टाकला, शाईने:

'बहिणीकडे जायचं होतं. नऊ वर्षं राहिलं होतं.'

तुझी
साक्षीदार